तज्ञसल्ला सेवा, क्षयरोगविषयक

क्षयरोगाच्या निदानात वा उपचारात अडचण उद्‌भवली असता, रुग्णास दूरच्या मोठ्या रुग्णालयात न हलविता, त्याच्यावर प्रत्यक्ष उपचार करणाऱ्या स्थानिक वैद्यास तज्ञांचे मार्गदर्शन मिळवून देणाऱ्या संघटित व्यवस्थेस क्षयरोगविषयक तज्ञसल्ला सेवा असे म्हणतात. या सेवेत रुग्णाची माहिती, प्रयोगशाळेतील चाचण्यांचे निष्कर्ष, क्ष-किरण चित्रे आणि आधी दिलेल्या औषधांचा तपशील तज्ञांकडे पाठविला जातो व त्यांचे मत लेखी वा दृक्‌-श्राव्य माध्यमाद्वारे परत मिळते. कोविड-१९ च्या महासाथीत (२०२०–२२) रुग्णांचा प्रवास थांबला तेव्हा या सेवेस विशेष महत्त्व आले. महाराष्ट्राच्या पूर्व टोकास असलेल्या चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांच्या संदर्भात या सेवेची गरज, तिची कार्यपद्धती व तिच्या मर्यादा स्पष्ट दिसून येतात.

सल्ल्याची आवश्यकता : साध्या, म्हणजे औषधांना दाद देणाऱ्या, क्षयरोगाचा उपचार ठरीव स्वरूपाचा आहे. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसीन, पायराझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे दोन महिने आणि त्यांपैकी पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन पुढील चार महिने, रुग्णाच्या वजनाप्रमाणे दररोज दिली जातात. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी हा उपचार स्वतंत्रपणे करू शकतो. अडचण येते ती निराळ्या परिस्थितीत. जंतू रिफॅम्पिसीन या औषधास जुमानत नसल्याचे चाचणीत आढळणे, औषधांमुळे कावीळ होणे, रुग्णास मधुमेह अथवा एचआयव्हीचा संसर्ग असणे, रुग्ण स्त्री गरोदर असणे, लहान मुलास बेडका काढता न येणे अशा प्रसंगी ठरीव नियम अपुरे पडतात. उदा., कावीळ झाली असता कोणती औषधे थांबवावीत आणि ती पुन्हा कोणत्या क्रमाने सुरू करावीत, हा निर्णय चुकल्यास एकीकडे यकृत निकामी होण्याचा आणि दुसरीकडे जंतू औषधरोधी बनण्याचा धोका असतो. असे प्रश्न एका आरोग्य केंद्रात वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी येतात. त्यामुळे तेथील वैद्यास त्यांचा अनुभव मिळणे कठीण असते.

आयसोनियाझिड व रिफॅम्पिसीन या दोन प्रमुख औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगास बहुऔषधरोधी क्षयरोग म्हणतात. त्याचा दीर्घ उपचार १८ ते २० महिने चालतो. त्यातील बेडाक्विलीन या औषधामुळे हृदयाच्या विद्युत्‌ लयीत बिघाड होऊ शकतो, म्हणून हृद्‌विद्युत्‌ आलेख वेळोवेळी काढावा लागतो. लिनेझोलीड या औषधाने रक्तपेशी कमी होऊ शकतात व हातापायांच्या तंत्रिकांना इजा पोहोचू शकते. अशा रुग्णाच्या बाबतीत एकदा मत घेऊन भागत नाही; संपूर्ण उपचारकाळात पुनःपुन्हा सल्ला घ्यावा लागतो.

पूर्वपीठिका : रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाच्या जंतूचा शोध २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला. त्यानंतर सु. साठ वर्षे नेमके औषध उपलब्ध नव्हते व आरोग्यधामात दीर्घकाळ विश्रांती हाच उपचार मानला जाई. त्या काळी तज्ञ आरोग्यधामात असत व रुग्ण त्यांच्याकडे जाई. हे चित्र बदलण्यास भारतातील दोन अभ्यास मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाले. मद्रास (चेन्नई) येथे १९५६ साली स्थापन झालेल्या क्षयरोग रसायनोपचार केंद्राने घरी राहून औषधे घेणारे व आरोग्यधामात राहणारे रुग्ण यांची तुलना केली. घरच्या उपचाराचे फळ आरोग्यधामातील उपचाराच्या तोडीचे असल्याचे तिच्यातून १९५९ मध्ये दिसून आले. दुसरा अभ्यास बंगलोर येथील राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील डी. बॅनर्जी व एस. अँडरसन यांचा असून तो १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. क्षयरोगाची लक्षणे असलेल्या ग्रामीण रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जण आधीच दवाखान्यात जाऊन आले होते. परंतु बहुतेकांना खोकल्याचे औषध देऊन परत पाठविण्यात आले होते, असे त्यात आढळले. रुग्ण येत नाही या समजुतीपेक्षा आलेला रुग्ण ओळखला जात नाही ही वस्तुस्थिती अधिक गंभीर ठरली.

राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. सुधारित कार्यक्रमाचा देशव्यापी विस्तार १९९७ पासून होऊन २००६ पर्यंत पूर्ण झाला. २०२० पासून या कार्यक्रमास राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम हे नाव आहे. बहुऔषधरोधी क्षयरोगाचा शासकीय उपचार २००७ मध्ये प्रथम गुजरात व महाराष्ट्र या राज्यांत सुरू झाला आणि विदर्भासाठी नागपूर हे त्याचे प्रमुख स्थान बनले. औषधरोधी क्षयरोग केंद्रात निरनिराळ्या शाखांच्या वैद्यांची समिती असते व तिच्या मतानुसार औषधयोजना ठरते. ही समिती हेच भारतातील क्षयरोगविषयक तज्ञसल्ल्याचे मूळ रूप होय. पुढे जिल्हा पातळीवरही अशी केंद्रे स्थापन झाली व अवघड प्रश्न तेवढेच वरिष्ठ केंद्राकडे जाऊ लागले.

यूरोपात २०१२ मध्ये यूरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी व जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून संगणकीय जालावरील क्षयरोग सल्लामंडळ सुरू केले. वैद्याने रुग्णाचे नाव न देता माहिती पाठवावयाची आणि निरनिराळ्या देशांतील तज्ञांनी तीवर लेखी मत द्यावयाचे, अशी त्याची पद्धत आहे. भारतात चेन्नई, दिल्ली व बंगलोर येथील राष्ट्रीय संस्था मार्गदर्शनाचे काम करतात.

प्रदेश व रोग : जुन्या चांदा जिल्ह्याचे नाव १९६४ मध्ये चंद्रपूर झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. गडचिरोलीचे क्षेत्रफळ १४,४१२ चौ. किमी., २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १०,७२,९४२ व घनता दर चौ. किमी.स ७४ आहे. लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ३९ टक्के असून त्यांत गोंड व माडिया यांची वस्ती मोठी आहे. जिल्ह्याचा दोन-तृतीयांशांहून अधिक भाग वनाच्छादित आहे. चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या याच्या दुपटीहून अधिक (२२,०४,३०७) आहे. परंतु त्याच्या जिवती व कोरपना या तालुक्यांतील डोंगराळ भागात कोलाम व गोंड यांच्या विखुरलेल्या वाड्या आहेत.

भामरागडहून गडचिरोली व तेथून नागपूर असे दोन्ही टप्पे मिळून सु. ३५० किमी. अंतर होते. पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती या नद्यांच्या संगमावर वसलेल्या भामरागडचा संपर्क पावसाळ्यात पुरामुळे अनेकदा तुटतो. दक्षिणेकडील सिरोंचा तालुक्याचे व्यवहार गोदावरीपलीकडील तेलंगणाशी निकटचे आहेत. मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी व बंगाली इतक्या भाषा या एका जिल्ह्यात बोलल्या जातात.

आदिवासी आरोग्याविषयी डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय तज्ञ समितीने २०१८ मध्ये अहवाल सादर केला. त्यात आदिवासींमधील फुप्फुसाच्या क्षयरोगाचे प्रमाण दर लाखास ७०३, तर देशाचे सर्वसाधारण प्रमाण २५६ असल्याचा अंदाज दिला आहे. कुपोषण, धुराने भरलेली अपुऱ्या हवेची घरे व उपचारास होणारा विलंब ही त्यामागील प्रमुख कारणे आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणी व सिमेंटचे कारखाने आहेत. खाणकामात व दगडफोडीत उडणाऱ्या वाळूमय (सिलिकायुक्त) धुळीमुळे होणारा फुप्फुसविकार क्षयरोगास पोषक ठरतो. शिवाय क्ष-किरण चित्रात या विकाराच्या व क्षयरोगाच्या छाया सारख्या दिसू शकतात. गडचिरोलीत हिवतापाचे प्रमाण मोठे असल्याने तापाच्या रुग्णाची प्रथम हिवतापासाठी तपासणी होते आणि खोकल्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव राहतो. अशा संमिश्र चित्रामुळे येथे तज्ञ मताची गरज अधिक भासते.

महासाथीचा आघात : साथीचे रोग व क्षयरोग यांचा संबंध नवा नाही. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या साथीत मध्य प्रांत हा देशातील सर्वाधिक मृत्यू झालेल्या भागांपैकी एक होता व चांदा जिल्हा त्याच प्रांतात मोडत असे. कोविड-१९ च्या वेळी २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. क्षयरोगाच्या निदानासाठी वापरली जाणारी रेणवीय चाचणीची यंत्रे नव्या रोगाच्या तपासणीकडे वळविण्यात आली. प्रयोगशाळांतील कर्मचारी व वैद्यही त्याच कामात गुंतले. बससेवा बंद असल्याने थुंकीचे नमुने पोहोचविणे अवघड झाले. खोकणाऱ्या माणसास विलगीकरणाची भीती वाटू लागल्याने तो लक्षणे लपवू लागला.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. देशात २०१९ मध्ये क्षयरोगाच्या २४.०४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती १८.०५ लाखांवर आली. जगात नव्याने निदान झालेल्या रुग्णांची संख्या याच काळात ७१ लाखांवरून ५८ लाखांवर घसरली आणि क्षयरोगाने होणारे मृत्यू दशकाहून अधिक काळानंतर प्रथमच वाढले. नोंद घटली याचा अर्थ रोग घटला असा नव्हता. सु. सहा लाख कमी नोंदींमागे निदानाविना घरी राहिलेले, कुटुंबीयांना संसर्ग देणारे रुग्ण होते. २०१९–२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीतही लक्षणे असलेल्यांपैकी सु. ६४ टक्के लोकांनी उपचार शोधलेच नसल्याचे आढळले.

या दोन जिल्ह्यांतून दर हिवाळ्याच्या अखेरीस अनेक मजूर मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये त्यांपैकी पुष्कळांना जंगलातील वाटांनी पायी परतावे लागले. अशा स्थितीत उपचार चालू असलेल्या रुग्णाच्या औषधांत खंड पडण्याचा धोका असतो. ‘निक्षय’ या राष्ट्रीय नोंदप्रणालीतील रुग्णक्रमांकामुळे परराज्यात सुरू झालेला उपचार गावी पुढे चालविणे शक्य होते. परंतु त्यासाठी तो क्रमांक लिहिलेला कागद रुग्णाजवळ असावा लागतो, किंवा त्याची चौकशी करणारे कोणी गावात असावे लागते.

कार्यपद्धती : भारत सरकारने दूरवैद्यकाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध केली. दूरध्वनीवरून वा दृक्‌-श्राव्य माध्यमातून दिलेल्या सल्ल्यास त्यामुळे निश्चित चौकट मिळाली. ‘ई-संजीवनी’ या शासकीय सेवेचे दोन प्रकार आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या प्रकारात आरोग्य केंद्रातील वैद्य किंवा समुदाय आरोग्य अधिकारी मोठ्या रुग्णालयातील वैद्याशी बोलतो. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रकारात रुग्ण घरूनच वैद्याशी संपर्क साधतो. क्षयरोगाच्या दृष्टीने पहिला प्रकार अधिक उपयुक्त आहे. कारण रुग्णाचे वजन करणे, छाती तपासणे, थुंकी घेणे व औषध हाती देणे ही कामे दूरच्या तज्ञास करता येत नाहीत.

चांगल्या सल्ल्यासाठी प्रश्न नीट मांडणे आवश्यक असते. रुग्णाचे वय, वजन, आधीच्या उपचारांच्या तारखा, घेतलेल्या व चुकलेल्या मात्रा, चाचण्यांचे निष्कर्ष, इतर रोग व कुटुंबातील क्षयरोगी यांची माहिती एका ठरीव नमुन्यात भरली जाते. वनप्रदेशात समोरासमोर दृक्‌-श्राव्य संभाषणास पुरेसा संपर्क सर्वत्र मिळत नाही. अशा ठिकाणी माहिती व क्ष-किरण चित्राचे छायाचित्र साठवून ठेवून संपर्क मिळताच पाठविणे ही पद्धत सोयीची ठरते. क्षयरोग हळूहळू वाढणारा असल्याने बहुतेक प्रश्नांत एक-दोन दिवसांचा विलंब चालू शकतो. रक्ताची मोठी उलटी, तीव्र धाप, शुद्ध हरपणे किंवा गडद कावीळ अशा प्रसंगी मात्र सल्ल्याची वाट न पाहता रुग्णास रुग्णालयात हलविणे आवश्यक असते.

महासाथीत तज्ञांपुढे नव्या स्वरूपाचे प्रश्न आले. खोकला व ताप ही दोन्ही रोगांची समान लक्षणे होत. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्र शासनाने क्षयरोग्यांची कोविडसाठी व कोविडच्या संशयितांची क्षयरोगासाठी अशी दुहेरी तपासणी करण्याची सूचना दिली. तीव्र कोविडमध्ये दिली जाणारी स्टेरॉइड औषधे रोगप्रतिकारशक्ती दडपतात, त्यामुळे सुप्त क्षयरोग उफाळण्याची शक्यता असते. कोविडनंतर खोकला दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकल्यास क्षयरोगाची तपासणी करावी, असे जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत नमूद करण्यात आले. रुग्णाच्या फेऱ्या कमी व्हाव्यात म्हणून एका वेळी महिनाभराची किंवा अधिक काळाची औषधे देण्यावर भर दिला गेला. बहुऔषधरोधी क्षयरोगातील रोजची अंतःक्षेपणे टाळून सर्व औषधे तोंडावाटे देण्याच्या पद्धतीचा पुरस्कार २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत झाला. उपकेंद्रापासून दूर राहणाऱ्या रुग्णास याचा विशेष लाभ आहे. शिवाय जुन्या अंतःक्षेपणांमुळे येणारे बहिरेपणही त्यामुळे टळते.

गावपातळीवरील दुवा : सल्लासेवेस दोन टोके असतात : एक तज्ञाचे, दुसरे रुग्णाच्या गावातील. पहिले टोक तंत्रविद्येने जवळ आणता येते. दुसरे माणसांनीच बांधावे लागते. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकणारा माणूस ओळखणे, सकाळची पहिली थुंकी योग्य डबीत घेऊन शीतपेटीतून प्रयोगशाळेकडे पाठविणे, निष्कर्ष रुग्णास त्याच्या भाषेत सांगणे व सहा महिने औषधांवर लक्ष ठेवणे ही कामे आशा स्वयंसेविका, परिचारिका व आरोग्य सेवक यांच्यावर अवलंबून असतात. माडिया बोलणाऱ्या रुग्णास ‘लघवी लाल झाली तरी घाबरू नये, डोळे पिवळे झाले तर लगेच कळवावे’ एवढे त्याच्या भाषेत समजले, तर रिफॅम्पिसीनच्या निरुपद्रवी रंगाला भिऊन तो उपचार सोडत नाही आणि काविळीकडे दुर्लक्षही करीत नाही.

गावातील प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडून वैद्यकीय काम विश्वासार्ह रीतीने होऊ शकते, हे याच प्रदेशात सिद्ध झाले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. तिने गावातील कार्यकर्त्यांना बालकांचा न्यूमोनिया ओळखून प्रतिजैव औषध देण्याचे व पुढे नवजात अर्भकांची घरोघर काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बालमृत्यू घटल्याचे तिचे निष्कर्ष १९९० व १९९९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडियांची भाषा आत्मसात करून रुग्णसेवा केली. या दोन्ही कार्यांतून वैद्यकीय ज्ञान गावापर्यंत नेताना भाषा व विश्वास यांचे महत्त्व किती आहे, हे दिसते.

तज्ञांचे ज्ञान सोप्या नियमांत बांधून गावाकडील टोकास देता येते. तमिळनाडूमध्ये २०२२ मध्ये सुरू झालेल्या योजनेत निदान होताच रुग्णाचे वजन व उंची, रक्तातील ऑक्सिजन आणि आधाराशिवाय उभे राहता येते की नाही, अशा मोजक्या गोष्टी तपासून गंभीर रुग्णास तत्काळ रुग्णालयात दाखल केले जाते. त्यासाठी वजनकाटा व बोटास लावावयाचे ऑक्सिजनमापक अशी साधी साधने लागतात.

मर्यादा : तज्ञांचे मत कितीही अचूक असले, तरी औषधे, चाचण्या व अन्न यांची उणीव ते भरून काढू शकत नाही. २०२४ च्या पूर्वार्धात महाराष्ट्रासह अनेक राज्यांत क्षयरोगाच्या औषधांचा तुटवडा भासला होता. अन्नाचे महत्त्व झारखंडमध्ये २०१९–२२ या काळात झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ठळक केले : रुग्णाच्या कुटुंबीयांना शिधा दिल्याने त्यांच्यात नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. तेथील जमाती व वनजीवन गडचिरोलीशी मिळतेजुळते असल्याने हा निष्कर्ष येथेही विचारात घेण्याजोगा आहे. निक्षय पोषण योजनेखाली रुग्णास एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये व नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये मिळतात. मात्र ही रक्कम बँक खात्यात जमा होत असल्याने बँकेपर्यंतचे अंतर हीच एक अडचण होते.

गोपनीयता हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. लहान गावात दवाखान्याचे वाहन कोणाच्या दारी थांबले एवढ्यावरूनही रोग जाहीर होतो. त्यामुळे सल्ल्यासाठी माहिती पाठविताना रुग्णाची संमती घेणे व त्याची ओळख उघड न करणे आवश्यक मानले जाते. तसेच सल्ला देणारा तज्ञ दूर असला, तरी उपचाराची जबाबदारी रुग्णास पाहणाऱ्या वैद्यावरच राहते.

महासाथीनंतर : चंद्रपूर येथे २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गडचिरोलीत महासाथीच्या काळात असे महाविद्यालय नव्हते. ते २०२४ मध्ये सुरू झाले. त्यामुळे तज्ञांचे टोक या प्रदेशाच्या पुष्कळ जवळ आले आहे. नव्या औषधांमुळे बहुऔषधरोधी क्षयरोगाचा उपचार निवडक रुग्णांत सहा महिन्यांपर्यंत आणणेही शक्य झाले आहे. देशातील क्षयरोगाचे प्रमाण २०१५ मध्ये दर लाखास २३७ होते. ते २०२४ पर्यंत १८७ वर आले. ही घट लक्षणीय असली, तरी २०२५ साठी ठरविलेल्या निर्मूलनाच्या उद्दिष्टापासून ती बरीच दूर आहे. दुर्गम भागात हे अंतर भरून काढताना तज्ञसल्ला सेवेची उपयुक्तता किती रुग्णांविषयी मत दिले यावरून ठरत नाही. दिलेल्या मताप्रमाणे औषध किती रुग्णांच्या हाती वेळेवर पोहोचले व त्यांपैकी किती पूर्ण बरे झाले, हेच तिचे खरे माप होय.